शेंदूर लागलेलं झुडूप

ज्या कड्यावर ते झुडूप आहे त्याचं नाव मी इथं लिहिलेलं नाही. त्र्यंबकच्या पश्चिमेला डोंगराची जी रांग कोकणात उतरते तिच्यावर ते आहे, एवढं पुरे. बातमीत ठिकाण आलंच पाहिजे, असं मी वर्तमानपत्रातल्या नोकरीची सगळी वर्षं नव्या पोरांना सांगत आलो. इथं ते गाळलं आहे, कारण आणखी कुणी तिकडे जावं असं मला वाटत नाही.

झुडूप पुरुषभर उंचीचं. पावसाळ्यात त्या कड्यावर ढग येऊन बसतात आणि आठवडेच्या आठवडे उठत नाहीत. खाली पाड्यावर पाऊस थांबलेला असतो, तेव्हाही वर पानांच्या टोकांवरून पाणी ठिबकत असतं. खोडावर शेवाळाचा जाड थर असतो. तो ढगातलं पाणी धरतो आणि सावकाश सोडतो. कातळाच्या भेगेत माती ओंजळभर. झाड जगतं ते त्या शेवाळाच्या जिवावर. पूर्वी दिवाळीपर्यंत सकाळचे ढग यायचे, आता घटस्थापनेलाच कडा उघडा पडतो, असं माझी थोरली बहीण म्हणते. माझ्याकडे त्याचा पुरावा नाही. तिचा शब्द आहे.

बहीण नाशिकच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होती. निवृत्तीनंतर तिनं या एका झुडपाखेरीज दुसरं काही केलं नाही. तिला गाडी चालवता येत नाही, म्हणून मी चालवायचो आणि पाण्याच्या बाटल्या वाहायचो. त्यामुळे पुढचं बरंचसं मी पाहिलेलं आहे. जे पाहिलं नाही ते तसं सांगेन.

अशी दोनच झाडं उरली होती. एक या कड्यावर, दुसरं दरीपलीकडच्या डोंगरावर. तिसरं शोधण्यात तिनं कित्येक पावसाळे घालवले, सापडलं नाही. दोन्ही झाडं आश्विनात फुलायची. फळंही धरायची. पण या जातीत स्वतःचा पराग स्वतःला चालत नाही. फळ दिसायला फळ, आत बी पोकळ. आणि एवढी दरी ओलांडून पराग नेणारा कीटक नव्हता. फांद्यांची कलमं करून पाहिली होती. गंगापूर रोडच्या फ्लॅटच्या मागच्या बाल्कनीला तिनं ओली गोणपाटं बांधली, कूलर लावला, दिवसातून अनेकदा पंपानं फवारा मारला. कलमं चैत्र काही पाहायची नाहीत.

म्हणून गेल्या आश्विनात तिनं स्वतःच पराग न्यायचं ठरवलं. सकाळी पलीकडच्या डोंगरावरच्या फुलांतला पराग तिनं कुंकवाच्या रिकाम्या डबीत झटकून घेतला. मग दरीला वळसा घालून गाडीनं पाड्यावर, आणि तिथून चढून कड्यावर.

पाड्यावर जिच्या अंगणात आम्ही गाडी लावायचो, त्या बाईला बहीण मावशी म्हणायची. पहिल्याच भेटीत ती म्हणाली होती, “मावशी काय म्हणता, तुमच्याच वयाची हाय मी. माझे केस पांढरे झाले, तुमचे काळे केलेत एवढाच फरक.” तरी मावशी हेच चालू राहिलं, आणि ती बहिणीला शाळेतल्यासारखं ‘बाई’ म्हणायची. झुडपाला तुमच्यात काय म्हणतात असं विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, त्याला काही नाव नाही. बकरी त्याला तोंड लावत नाही, चुलीत त्याचा नुसता धूर होतो, कामाचं झाड नाही ते.

त्या दिवशी मावशी गवत कापायला वर आलेली होती. बहीण चित्रकलेच्या बारीक ब्रशनं डबीतला पराग एकेका फुलाला लावत होती. मावशीनं विळा खाली ठेवला.

“बाई, लगीन लावताय का त्याचं?”

“तसंच समजा.”

“मंग आधी सांगायचं. आंतरपाट धरला असता. नवरा कंचा, ह्यो?”

“ही नवरी. नवरा डबीत आहे.”

“डबीत मावला?” मावशी म्हणाली. “बरा हाय. माझा घरात मावत नाय.”

परतीच्या वाटेवर तिनं सगळं नीट विचारून घेतलं. दर वर्षी फळ धरतं ते पोकळ का असतं, यंदा काय वेगळं होईल, बी कधी पिकेल. बहिणीनं विद्यार्थ्याला सांगावं तसं सांगितलं. संध्याकाळी पाड्यावर ही गोष्ट हसत-हसत घरोघर गेली असणार.

चार फळं धरली. बहिणीला ती माघापर्यंत झाडावरच राहायला हवी होती. हिरवं फळ तोडलं तर बी कच्चं, आणि पिकल्यावर वाळू दिलं तर बी मेलं. मऊ पडल्या पडल्या तोडायचं आणि त्याच दिवशी ओल्या मातीत घालायचं, एवढाच मार्ग होता. बुलबुल फळं खाऊ नयेत म्हणून तिनं जुन्या मलमलच्या चार पिशव्या शिवल्या आणि एकेका फळावर बांधल्या.

पाखरांपेक्षा मोठी भीती कोयत्याची होती. त्या भागात भात-नागलीची रोपं टाकण्याआधी वाफ्यावर पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून जाळतात. त्याला राब म्हणतात. राबासाठी थंडीतच डोंगरावरून फांद्या तोडून आणून वाळवतात. चुलीला न चालणारं झाड राबाला चालतं. राबाला काहीही चालतं. बहिणीनं पाड्यावर जाऊन सगळ्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली. पण कोयता घेऊन वर जाणारा रोज तोच नसतो, आणि शेजारच्या पाड्यांची माणसंही त्याच कड्यावर येतात.

मावशीनं उपाय सांगितला. झुडपाच्या बुडाशी एक उभा दगड होता.

“शेंदूर लावू का त्याला? लावला की कुणाचा हात नाय उठायचा.”

बहिणीच्या घरात देव्हारा नाही. तिनं थोडा वेळ दगडाकडे पाहिलं आणि म्हणाली, “लावा.”

मी तिच्याकडे पाहत होतो. “बघतोस काय,” ती मला म्हणाली, “देवाच्या नावानं जेवढं जंगल राहिलं, तेवढं आपल्या नावानं राहिलंय का?”

मावशीनं पुढच्या मंगळवारी तेलात शेंदूर कालवून दगडाला लावला आणि एक नारळ फोडला. हे मी पाहिलेलं नाही. पण त्यानंतर आम्ही गेलो तेव्हा आजूबाजूची झुडपं गुडघ्यापर्यंत छाटलेली होती आणि या एकाच्या पानालाही धक्का नव्हता. बहीण त्या दिवशी गाडीत बराच वेळ बोलत होती. चार फळांची रोपं झाली तर दोन इथं लावायची, दोन पलीकडे.

मार्गशीर्षात पलीकडच्या डोंगराला वणवा लागला. कुणी लावला ते कळलं नाही. आम्हाला दुसऱ्या दिवशी समजलं. वर पोचलो तेव्हा राख गार झाली होती. झाडाचं खोड उभं होतं, काळं. शेवाळ वाळलेलं असणार, तेच आधी पेटलं असणार. बहिणीनं नखानं साल खरवडली. आत हिरवं नव्हतं. तिनं आणखी खाली खरवडलं. मग गुडघ्यांवर बसून बुडाची राख हातांनी बाजूला केली आणि माझ्याकडे हात केला. मी बाटली दिली. तिनं ती मुळांवर ओतली, मग दुसरी, मग तिसरी. राखेतून थोडी वाफसुद्धा आली नाही. उतरताना आम्हा दोघांकडे प्यायला पाणी नव्हतं.

आता त्या झाडाचं जगात जे काही उरलं होतं, ते अलीकडच्या कड्यावर चार पिशव्यांत होतं.

पौषात मावशीचा फोन आला. झाडाला माणसं येतात म्हणाली. किती, असं बहिणीनं विचारलं. येतात, एवढंच ती म्हणाली.

त्र्यंबकला पौषातल्या यात्रेसाठी आलेले लोक आजूबाजूचे डोंगर चढतात, हे आम्हाला माहीत होतं. पण या कड्यावर देऊळ नव्हतं, कुंड नव्हतं, गुहा नव्हती. आम्ही वर गेलो तेव्हा लांबूनच लाल दिसलं. झुडपाच्या प्रत्येक फांदीला दोरे, चिंध्या, हिरव्या बांगड्या होत्या. आणि पिशव्या. कुणी रुमालाच्या, कुणी ब्लाउजपीसच्या, कुणी पानमसाल्याच्या पुडीच्यासुद्धा. बुडाशी शेंदराचा दगड आणि वर फांद्यांना दोऱ्यानं बांधलेल्या पांढऱ्या पिशव्या, हे चित्र पाहून इकडचा कुठलाही माणूस एकच अर्थ काढील. त्यांनी तो काढला होता.

कातळावर नारळाच्या करवंट्या, मुंग्या, सांडलेलं तेल. भेगेतली माती पावलांनी चेचून घट्ट झाली होती. खोडाची एक बाजू पार उघडी पडली होती. लोक नमस्कार करताना खोडाला हात लावत, आणि हातागणिक थोडं शेवाळ निघत गेलं होतं.

बहिणीनं आपल्या पिशव्या शोधल्या. एक निरांजनाच्या ज्योतीनं जळून काळी झाली होती. दोन सोडलेल्या होत्या, आत काही नव्हतं. चौथीत फळ होतं, करवंदाएवढं, हिरवंच.

ती दोरे सोडायला लागली. तेवढ्यात मागून एक जोडपं चढून आलं. चांदवडकडचं होतं, नंतर कळलं. बाई पस्तिशीतली असेल.

“ताई, सोडू नका,” ती म्हणाली. “कुणाकुणाच्या पोटाचं आहे ते.”

“यातली एक पिशवी माझी आहे,” बहीण म्हणाली.

“मग तुमची राहू द्या की. दुसऱ्यांच्या का सोडता?” आणि मग आवाज खाली आणून तिनं विचारलं, “किती वर्षं झाली तुम्हाला?”

बहिणीनं हात मागे घेतला. तिची मुलगी, माझी भाची, पुण्यात नोकरी करते.

मी त्या माणसाला विचारलं, इथलं तुम्हाला कुणी सांगितलं. खाली चहाच्या टपरीवर कळलं, तो म्हणाला. या झाडाचं लग्न लागलंय. दर वर्षी त्याचं फळ पोकळ असतं, यंदा पहिल्यांदा आत बी आहे. लग्न एका शिकलेल्या बाईनं लावलं. मी ते तपासायच्या सवयीनं ऐकलं. त्यातलं एकही वाक्य मला कापता आलं नसतं.

त्याच्या बायकोनं पदराच्या गाठीतून खण काढला, फांदीला बांधला, खोडाला दोन्ही हात लावले. बहीण बाजूला उभी राहून त्या हातांकडे पाहत होती. ते गेल्यावर तिनं कातळावरचं तेल आपल्या ओढणीनं पुसून काढलं.

खाली आल्यावर तिनं मावशीला शेंदूर धुऊन टाका म्हणून विनवलं. मावशी नाही म्हणाली. लावणारा हात माझा होता, पुसणारा नाही, असं म्हणाली. पण शेवटचं फळ राखीन, रोज बकऱ्या घेऊन वरच बसेन, असा तिनं शब्द दिला. बहिणीला जमेल तेव्हा आम्हीही जात राहिलो. त्र्यंबक रोडवर सिंहस्थाची कामं काढलेली, गाडी तासन्‌तास अडकायची, आणि बहिणीचे गुडघे चढ घेईनासे झाले होते. तरी ती वर जाऊन पिशवीवरूनच फळ दोन बोटांत धरायची. अजून कडक आहे, म्हणायची. यात्रा संपली तशी माणसं कमी झाली. मावशी खरंच रोज बसत होती; तिथल्या लेंड्यांवरून ते दिसत होतं.

माघात एका सकाळी बहिणीनं पिशवी बोटांत धरली आणि तशीच थांबली. मग तिनं गाठ सोडली. आत तांदळाचे दाणे आणि एक सुपारी होती. देवाचं काही घ्यायचं तर मागे रिकामं ठेवायचं नाही. ज्यानं फळ नेलं त्यानं रीत पाळली होती.

मावशी ओसरीवर नागली पाखडत होती. आम्ही आलो तरी सूप थांबलं नाही.

“मावशी, फळ?”

“मी आणलं, बाई.”

बहीण पायरीवर बसली. मावशीनं सूप मांडीवर ठेवलं. तिची सून त्या हंगामात नवऱ्याबरोबर दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला असायची. आठवड्यासाठी घरी आली होती. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. मुलाचं दुसरं लावून द्यावं असं घरातली वडीलधारी बोलू लागली होती. हे आम्हाला मावशीनं तेव्हाच, सूप मांडीवर असताना, पहिल्यांदा सांगितलं.

“पण शेंदूर तुम्हीच लावला होता,” बहीण म्हणाली. “का लावला ते तुम्हाला माहीत होतं.”

“मीच लावला. मला ठाऊक नाय का? पण लावल्यावर तो माझा कुठं राहिला, बाई? लांबलांबून बाया आल्या, घेऊन गेल्या. माझ्याच घरात एक हाय. तिला काय सांगू, ते खोटं हाय म्हणून?”

मग बहिणीनं विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं.

“तिला काही झालं नाही ना? उलटी, चक्कर?”

त्या जातीचं फळ माणसानं खाल्ल्याचं कुणालाच माहीत नव्हतं. विषारी असू शकलं असतं. सून दाराच्या आत उभी होती. तिनंच उत्तर दिलं.

“काय नाय झालं. आंबट व्हतं.”

त्या फळाच्या चवीबद्दल आज जेवढं माहीत आहे ते एवढंच.

“बी?” बहीण म्हणाली. “बी गिळलंस?”

“नाय. गिळवंना.” ती आत गेली आणि देव्हाऱ्यातली वाटी घेऊन आली. वाटीत तांदूळ, तांदळावर कुंकू, आणि कुंकवावर ते बी. फळ खाऊन काही दिवस झाले असावेत. देव्हारा चुलीच्या वरच्या फळीवर होता; ती वाटी तिथं उबेत राहिली होती. बहिणीनं बी तळहातावर घेतलं आणि हात किंचित वरखाली केला. तिला वजनावरून कळतं. मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

“तुम्ही पेरा, बाई,” सून म्हणाली. “माझ्या हातानं नको. घरात मी सांगितलंय, आषाढापातूर थांबा. हे उगवलं तर माझं बी व्हईल. उगवलं की फोन करा.”

मावशी पुन्हा पाखडायला लागली होती. सूप नेहमीपेक्षा जोरात चालत होतं.

गाडीत बहीण म्हणाली, “वाळलंय.”

“मग घेतलंस कशाला?”

“न घेता काय सांगायला हवं होतं?”

सातपूरच्या सिग्नलला तिनं माझ्याकडे रुमाल मागितला. बाटलीतल्या पाण्यात तो भिजवून तिनं बी त्यात गुंडाळलं आणि घरापर्यंत दोन्ही हातांत धरून बसली.

कड्यावरचं झुडूप अजून उभं आहे. उघड्या पडलेल्या बाजूची पानं पिवळी होताहेत. पाऊस येईपर्यंत टिकलं तर आश्विनात फुलेल. फुलं असतील, ब्रश असेल, डबीत घालायला काही नसेल.

बी बाल्कनीतल्या कुंडीत आहे. कूलर, गोणपाटं, फवारा, सगळं पुन्हा सुरू झालं. चैत्रात एकदा मी गेलो तेव्हा तिनं मला सांगितलं की तिनं माती उकरून पाहिलं होतं. बी मऊ पडलं होतं. नखानं दाबलं तर आतून पाणी आलं. तिनं ते परत तसंच पुरलं होतं.

हे ती सांगत असताना फोन वाजला. सून द्राक्षबागेतून दर आठवड्याला करते. बहिणीनं फोन स्पीकरवर ठेवला, कारण तिचे हात मातीचे होते.

“आलं का, बाई?”

बहिणीनं कुंडीकडे पाहिलं.

“अजून नाही.”

“पाणी घालताय ना?”

“रोज.”

फोन बंद झाल्यावर तिनं हात धुतले, पंपात पाणी भरलं आणि कुंडीवर फवारा मारायला लागली.